जुन्या ट्रकचे तेल-पाणी



गळीत हंगाम आटोपला की बैलगाडीवाला बैलांचे खांदे बघतो, ट्रॅक्टरवाला ट्रॉलीच्या हुकाला हात लावून बघतो, आणि ट्रकवाला मात्र गाडी लिंबाखाली लावून मोकळा होतो. पुढे दसरा आला की त्याला गाडीची आठवण होते, तीही हार घालण्यापुरती. कोणास नावे ठेवण्यासाठी आम्ही हे लिहीत नाही. आम्हीही त्यातलेच.

२०२४ च्या जून महिन्यात आम्ही चार सभासदांनी भागीत एक जुना ट्रक घेतला. त्याच्या आदल्या हंगामात आमच्या शिवारात तोड मिळाली तर गाडी नाही आणि गाडी मिळाली तर टोळी नाही, अशी गत झाली होती. तोडलेला ऊस शक्यतो चोवीस तासांच्या आत गव्हाणीत पडला पाहिजे हे आपण सर्वजण जाणतो. तो उन्हात पडून राहिला की आपले वजन जाते आणि कारखान्याचा उतारा जातो. तेव्हा आपली स्वतःचीच गाडी असावी असे चौघांच्या मनाने घेतले. एकाने सोसायटीचे कर्ज काढले, एकाने घरातले सोने ठेवले, उरलेल्या दोघांनी खोडव्याच्या बिलावर भिस्त ठेवली. टोळीला उचलही देऊन बसलो. म्हणजे गाडी चालली तर आम्ही तरलो, नाहीतर चारही घरे एकदम अडचणीत.

गाडी २०१० सालची, टाटाची, सहा सिलिंडरची, टर्बोवाली. आधी वीटभट्टीवर चालत होती. (आमच्या भागातले वयस्क सभासद अजून कोणत्याही टाटा ट्रकला 'बेंझ' म्हणतात. १९५४ साली टेल्कोने जमशेदपूरला डेमलर-बेंझच्या सहकार्याने ट्रक बांधावयास सुरुवात केली. तो करार १९६९ ला संपला, पण नाव काही गेले नाही.) विकणाऱ्याने चावी हातात देताना सांगितले, "ऑईल-बिईल सगळं आत्ताच बदललंय. चावी मारा आणि चला." आम्ही ते खरे मानले, कारण खरे मानणे सोयीचे होते.

गावी आल्यावर गाडी मिस्त्रींना दाखवली. त्यांनी बॉनेटला हातसुद्धा लावला नाही. आमच्यातल्या थोरल्यांना विचारले, "आबा, ऑईल बदलल्याची पावती हाय का?"

"पावती नाही, पण माणूस चांगला होता."

"मग काहीच केलेलं नाही असं धरा. वही घ्या आणि पहिल्या पानावर आजची तारीख नि किलोमीटर लिवा. गाडी आजपासनं जन्मली."

जुनी गाडी घेणाऱ्या प्रत्येक सभासदाने एवढी एक गोष्ट ध्यानात घ्यावी असे आम्हास वाटते. मागच्या मालकाने काय केले, किती केले, कोणते तेल ओतले, हे कळण्याचा मार्ग नसतो. तेव्हा इंजिनापासून हबपर्यंत जेथे जेथे तेल, पाणी वा ग्रीस आहे, ते सर्व एकदा नव्याने करून घ्यावयाचे आणि तेथून पुढे हिशेब धरावयाचा. जमीन नवी घेतली की आपण आधी मोजणी करून हद्द पक्की करतो, तसाच हा प्रकार.

परंतु तेल काढण्याच्या आधी ते बघावे लागते. हे आम्हाला माहीत नव्हते. गेजपट्टी काढली तर ऑईल वरच्या खुणेच्याही वर. आम्ही खूश झालो, विकणारा उदार निघाला म्हणून. मिस्त्रींनी तेल बोटांत घेऊन वास घेतला आणि म्हणाले, "ऑईल कधी वाढत नसतं. ह्यात डिझेल उतरतंय." पंपावरच्या फीड पंपाचे सील गेले होते आणि तेथून डिझेल चेंबरात जात होते. डिझेलने पातळ झालेले ऑईल बेअरिंगवर टिकत नाही. नवे ऑईल भरून तसेच चालवले असते तर तेही महिन्याभरात पातळ झाले असते. तेल दुधाळ दिसले तर आत पाणी जात आहे असे समजावे, आणि रेडिएटरच्या पाण्यावर तेलाचा तवंग दिसला तर हेड गॅस्केट किंवा ऑईल कूलर यांच्याकडे बोट जाते. जुने तेल आजाऱ्याच्या लघवीसारखे असते, वैद्य ते फेकण्याआधी बघतो. उपमा जरा कशीतरीच आहे, पण मिस्त्रींचीच आहे.

सील बदलून, गाडी गरम करून, गरम असतानाच ऑईल सोडले. थंड ऑईल सोडले तर गाळ तळाशी बसून राहतो. फिल्टर नवा घातला. टर्बोवाल्या डिझेल गाडीला साधारणपणे १५-डब्ल्यू-४० हे ऑईल चालते. आमच्या गाडीला पंधरा लिटरच्या घरात लागले. मात्र लिटर मोजून ओतू नये, थोडे थोडे ओतून गेजपट्टी बघावी. आणखी एक: ज्या इंजिनात वर्षानुवर्षे काळे ऑईल फिरले, त्यात नवे ऑईल घातले की ते आतला मळ सोडवते. म्हणून पहिला बदल पूर्ण मुदतीपर्यंत न चालवता दीड-दोन हजार किलोमीटरवर पुन्हा एकदा ऑईल-फिल्टर बदलून घेतला. खर्च दुप्पट झाला म्हणून आमच्यात थोडी कुरबूर झाली. दुसऱ्या वेळी निघालेले ऑईल बघितल्यावर कुरबूर थांबली.

आता आमच्या हातून झालेली चूक सांगतो. एका रविवारी मिस्त्री लग्नाला गेले होते. आम्ही म्हटले, हौसिंगचे तेल सोडण्यात काय अवघड आहे? पाना लावला, खालचा प्लग खोलला, तेल घमेल्यात उतरले, प्लग परत बसवला. मग नवे तेल भरण्यासाठी वरचा प्लग खोलायला गेलो तर तो हलेना. त्याची कड मागच्याच कुणीतरी झिजवून ठेवलेली. पाना घसरला, हाताची साले निघाली, हातोडा झाला, डिझेल लावून झाले. गाडी रिकाम्या हौसिंगची, जागची हलवायची सोय नाही. सोमवारी मिस्त्री आले, त्यांनी बॅटरीच्या वायरी काढून ठेवल्या, झिजलेल्या प्लगवर एक नट वेल्ड केला आणि गरम असतानाच तो फिरवून काढला. मग शांतपणे म्हणाले, "आबा, आधी वरचा खोलायचा, मग खालचा. भरायचं दार उघडतंय का बघितल्याबिगर रिकामं करू नगासा." गिअर बॉक्स असो वा हौसिंग, हा क्रम कोणी विसरू नये.

हौसिंगच्या तेलाचा आणि गिअर बॉक्सच्या तेलाचा एकच डबा आणणारेही पुष्कळ आहेत. क्राऊन-पिनियनचे दात एकमेकांवर घासत फिरतात, त्यांना जीएल-५ जातीचे जड तेल लागते. गिअर बॉक्समध्ये पितळी रिंगा असतात. जीएल-५ मधील काही द्रव्ये पितळेस बाधक ठरतात, म्हणून तेथे बहुतेक कंपन्या जीएल-४ सांगतात. आपल्या गाडीच्या पुस्तकात असेल तेच घालावे, दुकानदार सांगेल ते नव्हे. निघालेल्या प्लगला लोहचुंबक असते. त्यावर राखेसारखा बारीक लेप असेल तर काळजी नको, झीज होतच असते. पण कण किंवा तुकडे हाताला लागले तर हंगामाच्या आधी हौसिंग खोलणे भाग आहे. आमच्या नशिबाने लेपच होता.

पण खरी गोष्ट हौसिंगच्या डोक्यावर होती. तेथे बोटाएवढा एक ब्रीदर असतो, आतली गरम हवा बाहेर पडण्यासाठी. वीटभट्टीच्या मातीने तो गच्च बुजलेला. हवेला वाट मिळाली नाही की आत दाब वाढतो आणि तेल सीलमधून वाट काढते. मिस्त्रींनी मागच्या डाव्या चाकाच्या आतल्या बाजूला हात फिरवला तो काळा होऊन आला. ड्रम काढला. लायनर तेलाने थबथबलेले होते.

आपल्यापैकी ज्यांचा ऊस शिराळ्याकडच्या डोंगरी भागातून येतो त्यांना यातले गांभीर्य सांगावयास नको. भरलेली गाडी उतारावर, मागे ऊस, पुढे गाव, आणि चार चाकांपैकी एका चाकाचा ब्रेक तेलावरून घसरतो आहे. आम्ही चौघे त्या ड्रमकडे बघत काही वेळ बोललोच नाही. ती गाडी आम्ही दोनशे किलोमीटर चालवत आणली होती, येताना एकाचा मुलगा केबिनमध्ये बसलेला होता.

तेल प्यालेले लायनर पेट्रोलने धुऊन, जाळून परत बसवण्याची पद्धत काही ठिकाणी आहे. ती धोक्याची आहे, तापल्यावर तेल पुन्हा वर येते. लायनर नवे घालावेत आणि एकाच चाकाचे न घालता त्या धुरीच्या दोन्ही बाजूंचे घालावेत, नाहीतर ब्रेक मारला की गाडी एकीकडे ओढते. सील नवे, ब्रीदर साफ. ब्रीदर साफ करायला पैसा लागत नाही, फक्त तो तेथे आहे हे माहीत असावे लागते.

ब्रेकचा विषय निघालाच आहे तर हवेच्या टाक्यांचे सांगून टाकू. टाकीखालची कळ ओढली तेव्हा आधी पाणी आले, मग ताकासारखे पांढरट काहीतरी आले, आणि बऱ्याच वेळाने नुसती हवा. हवेबरोबर ओलावा येतो, तो टाकीत साठतो, व्हॉल्व्ह गंजवतो. म्हणून रोज संध्याकाळी कळ ओढून पाणी सोडावे, हे ड्रायव्हरचे काम. पाण्याबरोबर तेल जास्त येऊ लागले तर कॉम्प्रेसरच्या रिंगा झिजल्या आहेत. टाक्या पूर्ण भरून इंजिन बंद करावे, ब्रेक दाबून धरावा आणि काटा बघावा. काटा भराभर उतरू लागला तर फुसफुस कोठे होते ते साबणाच्या पाण्याने शोधावे. एवढे काम घरचे पोरही करील. परंतु मागच्या चाकांवरील स्प्रिंगवाल्या ब्रेक चेंबरचा पट्टा मात्र कोणीही स्वतः खोलू नये. आतली स्प्रिंग माणूस मारील एवढ्या ताकदीची असते.

पाण्याच्या बाबतीत आपल्या कृष्णाकाठच्या मंडळींची एक सवय आहे. विहिरीचे पाणी दिसले की बादली भरायची आणि रेडिएटरात ओतायची. त्या पाण्यातला क्षार आपण रानात बघतो, भांड्याच्या बुडाला बघतो, तोच इंजिनाच्या आत बसतो. आमच्या गाडीतून निघालेले पाणी गंजाने विटकरी झालेले होते. तीन वेळा स्वच्छ पाण्याने धुऊन काढल्यावर तयार कूलंट भरले. तयार मिळाले नाही तर दाट कूलंटमध्ये डिस्टिल्ड वॉटर निम्मे-निम्मे मिसळावे. गाडी गरम असताना झाकण उघडू नये हे लिहिण्याची गरज नाही, तरी लिहितो, कारण दर हंगामात कोणाचा ना कोणाचा हात भाजतोच.

थर्मोस्टॅट तर गाडीत नव्हताच. कोणीतरी "गाडी तापते" म्हणून काढून टाकलेला. हा उपाय आपल्याकडे फार लोकप्रिय आहे, आणि चुकीचा आहे. इंजिन योग्य उष्णतेवर यावे म्हणूनच तो असतो. तो काढला की इंजिन थंडच राहते, डिझेल जास्त जाते, ऑईलमध्ये गाळ धरतो. गाडी तापत असेल तर रेडिएटर, फॅन बेल्ट, वॉटर पंप यांच्यात कारण शोधावे.

डिझेल टाकीच्या तळाचा प्लग सोडून पाणी आणि गाळ काढला, दोन्ही फिल्टर बदलले, हाताच्या पंपाने एअर काढली. जुनी टाकी हलली की पुन्हा गाळ सुटतो, म्हणून फिल्टरची एक जोडी केबिनमध्ये जादा ठेवली. एअर फिल्टरचे काय सांगावे! तो जमिनीवर आपटून साफ करणारे आम्हीच. आपटल्याने कागद फाटतो आणि धूळ सरळ टर्बोत जाते. आतून बाहेर हलकी हवा मारावी, आणि फार झाला तर नवा घालावा. फिल्टर आणि टर्बो यांमधला रबरी पाईप मात्र आधी बघा. तो चिरलेला असेल तर सोन्याचा फिल्टर घालूनही उपयोग नाही. फडातल्या वाटेवर धूळ किती असते ते आपण जाणताच.

क्लचचे तेल चहासारखे काळपट झाले होते, तेही काढून नवे घातले. हे तेल हवेतला ओलावा ओढते, म्हणून उघडा राहिलेला जुना डबा वापरू नये. स्टिअरिंगचे तेल, बॅटरीचे पाणी, बेल्ट ही कामे एका सकाळीत उरकली.

ग्रीसला मात्र दोन दिवस लागले. निपल शोधण्यातच निम्मा वेळ गेला, मातीच्या थराखाली काही तर दिसतच नव्हते. पाट्यांच्या पिना, शाफ्टचे क्रॉस, टायरॉड, स्लॅक ॲडजस्टर, सगळीकडे जुने काळे ग्रीस बाहेर येऊन नवे दिसू लागेपर्यंत गन मारावी लागते. किंगपिनला ग्रीस देताना पुढची धुरी जॅकवर उचलावी आणि खाली घोडी लावावी. गाडीचे वजन पिनेवर असले की ग्रीस एका बाजूनेच जाते. पुढचे हब खोलून बेअरिंग धुऊन भरले. एका बाजूच्या बेअरिंगवर निळसर डाग होते, म्हणजे ते कधीतरी तापून गेले होते. ते बदलले.

टायरच्या बाजूला चार अंक असतात. पहिले दोन आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे. ३४१७ असेल तर २०१७ सालचा चौतिसावा आठवडा. नक्षी चांगली दिसते म्हणून भुलू नये. उन्हात उभा राहिलेला टायर नक्षीसकट फुटतो. आमचे दोन टायर यात बाद झाले.

निघालेले जुने तेल कोठे टाकायचे हा प्रश्न आला. कोणी म्हणाले ओढ्यात, कोणी म्हणाले गुऱ्हाळाच्या चुलाणात. दोन्ही नको. ओढ्याचे पाणी शेवटी आपल्याच विहिरीत उतरते आणि ह्या तेलाचा धूर विषारी असतो. एका पिंपात साठवून जुने तेल घेणाऱ्या परवानाधारक माणसास दिले.

या सर्वांस चौघांच्या खिशातून जे गेले ते नव्या टायरच्या जोडीपेक्षा कमीच होते, लायनर आणि बाद टायर सोडून. लायनरचे पैसे मात्र कोणीही मोजले नाहीत.

दिवाळीनंतर हंगाम सुरू झाला. गाडीने खेपा चांगल्या केल्या. आणि मग जानेवारीत एका रात्री, भरलेली गाडी कारखान्यापासून नऊ किलोमीटरवर उभी राहिली. रेडिएटरचा खालचा होजपाईप फुटला होता. नवे कूलंट भरताना मिस्त्री म्हणाले होते, "पाईप फुगलाय, बदला." आम्ही म्हणालो, पुढच्या महिन्यात बघू. ड्रायव्हरने काटा चढताना बघितला आणि जागच्या जागी इंजिन बंद केले, म्हणून हेड वाचले. रात्री पाईप मिळाला नाही. सकाळी तालुक्याच्या गावी दुकान उघडेपर्यंत वाट, मग बसवणे, मग वजनकाट्याची रांग. ऊस तोडून तीस तास झाले तेव्हा तो गव्हाणीत पडला. टोळी त्या दिवशी रिकामी बसली आणि मुकादमाने ते ऐकवायचे सोडले नाही. त्या रात्री ड्रायव्हर एकटाच रस्त्याकडेला होता. मागे रिफ्लेक्टर होते आणि त्याने दोन्ही बाजूंना दगड मांडून फांद्या लावल्या होत्या, तरी तो पहाटेपर्यंत डोळा न मिटता बसला. अंधारात उभ्या असलेल्या उसाच्या गाडीला मागून मोटारसायकल धडकल्याच्या घटना आपल्या भागात नवीन नाहीत. पाईपची किंमत लिहायला लाज वाटते.

त्या ड्रायव्हरची आणखी एक सवय सांगण्याजोगी आहे. दर खेपेनंतर तो सायलेन्सर आणि इंजिनाभोवती अडकलेले पाचट हाताने काढून टाकतो. वाळले पाचट आणि तापलेला सायलेन्सर यांची गाठ पडली तर काय होते, हे त्याने एका दुसऱ्या गाडीवर बघितलेले आहे.

आठ वर्षांवरील मालवाहू गाडीला दरवर्षी पासिंग करून घ्यावे लागते. आम्ही ते काम आता मे महिन्यात ठेवले आहे, म्हणजे त्या निमित्ताने ड्रम, हब, पाटे एकदा खोलून होतात आणि पावसाळ्यात बाकीची कामे करण्यास सवड मिळते. पुढचे इंजिन ऑईल, कूलंट, हौसिंगचे तेल किती किलोमीटरवर हे वहीच्या शेवटच्या पानावर लिहिले आहे. प्रत्येक कामापुढे तारीख, किलोमीटर, मालाचे नाव आणि पावती चिकटवलेली. चौघांपैकी ज्याच्या हातून काम झाले त्याची सही.

ज्या सभासदांना ही वही पाहावयाची असेल त्यांच्यासाठी तिची झेरॉक्स प्रत गट ऑफिसात ठेवली आहे. मूळ वही गाडीच्या केबिनमध्येच असते. खालच्या होजपाईपची ओळ तिच्यात लाल शाईने आहे.